पसरलेलं अंथरूण

१

आमच्या घरात पलंग एकच आणि त्यावर झोपणारे दोन तुकड्यांत. रात्री माझी बायको सुनेत्रा आणि मुलगी पूर्वी, दिवसा मी. हैदराबादहून लालबागला परत यायचं ठरलं तेव्हा कंपनीने माझी नोकरी चालू ठेवली, पण अट घातली की अमेरिकेच्या वेळेने काम करायचं. म्हणून रात्री अकरा ते सकाळी सात मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसतो आणि दुसऱ्या खंडातल्या लोकांचे सर्व्हर बंद पडत नाहीत ना, यावर लक्ष ठेवतो. सकाळी सातला सुनेत्रा पूर्वीला शाळेच्या बसमध्ये बसवून दादरच्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये कामाला जाते. त्या दोघी बाहेर पडल्या की त्याच गादीवर मी आडवा होतो, तो दुपारी तीनपर्यंत. पूर्वी एकला शाळेतून येते, झाकलेलं जेवते आणि हॉलमध्ये चित्रं काढत बसते. नऊ वर्षांची आहे, पण माझ्यापेक्षा शहाणी.

परत यायचं कारण बाबा. आई वारल्यावर ते एकटे पडले होते. चाळ पाडून टॉवर झाला आणि त्यांच्या वाट्याला चौदाव्या मजल्यावर एका बेडरूमचं घर आलं. चाळीतली जुनी खोली मुळात आमची नव्हतीच. ती आमच्या गावच्या मंडळाची. गावाहून मिलमध्ये नोकरीला आलेले पुरुष तिथे दाटीवाटीने राहायचे. मिल बंद पडली तसा एकेक जण गावाला परत गेला आणि शेवटी उरलेल्या बाबांच्या नावावर खोली झाली. मी जन्मलो तोवर मिलचे भोंगे थांबले होते, त्यामुळे त्या दिवसांचं मला फक्त ऐकून माहीत.

बाबांशी आमचं एकाच गोष्टीवरून वाजायचं. त्यांना पसरलेलं अंथरूण चालायचं नाही. स्वतः ते हॉलमध्ये चटईवर झोपायचे आणि डोळे उघडल्या उघडल्या वळकटी बांधून कोपऱ्यात उभी करायचे. तिथवर ठीक होतं. पण ते आमच्या पलंगावरची गादीसुद्धा गुंडाळायला बघायचे. आठ इंच जाडीची गादी! अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस ती छातीशी धरून वाकवायचा आणि कपडे वाळत घालायच्या दोरीने बांधायचा.

"बाबा, ही गुंडाळायची गादी नाही हो," मी शंभरदा सांगितलं.

"हातरूण पसरलेला ठेवचा नाय," ते म्हणायचे. "उठलंस का गुंडाळ. माज्या डोळ्यांसमोर तरी गुंडाळ."

जूनमधल्या एका सकाळी मी रात्रभराचं काम संपवून झोपायला गेलो तर गादी भिंतीशी बांधून उभी. डोळ्यांवर झोप होती. माझं डोकं फिरलं. "वेड लागलंय का तुम्हाला?" असं मी माझ्या बापाला म्हणालो. त्यांनी दोरी सोडली, गादी पसरली, चादरसुद्धा नीट घातली. संध्याकाळी पिशवी भरली आणि म्हणाले, "मी गावाक जातंय. थंय माका कोण येडो म्हणना नाय." गावाला त्यांची बहीण, सुभद्राआत्या, असते. मी थांबवलं नाही. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

२

बाबा गेल्यानंतर आठवड्याभराने मला गजराची गरज उरली नाही.

दुपारी तीनला कुणीतरी माझ्या उजव्या पायाचा अंगठा धरून हलवायचं. जोरात नाही. दोन बोटांत धरून, एकदा इकडे, एकदा तिकडे, बस. मी जागा व्हायचो तेव्हा खोलीत कुणी नसायचं. दार लोटलेलं, पडदे ओढलेले, वर पंखा चालू. मला वाटायचं, पूर्वी उठवते आणि पळून जाते. पोरीला बापाची काळजी आहे या विचाराने बरं वाटायचं.

एक दिवस तिला म्हणालो, "छान उठवतेस गं. अगदी वेळेवर."

ती चित्रातलं आकाश रंगवत होती. मान वर न करता म्हणाली, "मी नाही उठवत. तू आपला आपणच उठतोस. आणि मग दारात जाऊन उभा राहतोस."

"कुठल्या दारात?"

"बाहेरच्या. चपला घालून. मी हाक मारली की आत येतोस."

हे मला अजिबात आठवत नव्हतं. नीट विचार केल्यावर एवढंच आठवलं की अंगठा हलल्यावर मनात पहिला विचार यायचा तो उशीर झाल्याचा. कशाला उशीर, ते कळायचं नाही. पाय मात्र निघालेले असायचे.

मी तर्काने चालणारा माणूस आहे. मशीन बंद पडलं की कारण शोधायचं, हाच माझा धंदा. सुनेत्राला सांगितलं तर तिने माझा तळपाय दाबून बघितला, टाचणी टोचली आणि निकाल दिला. "उलट्या वेळी झोपणाऱ्यांना होतं असं. नसा कुरकुरतात. बी-ट्वेल्व्ह घे आणि पाय चादरीच्या आत घेऊन झोपत जा."

गोळ्या सुरू केल्या. पाय चादरीच्या आत घेतले. तीनला अंगठा हलला, चादरीच्या आत.

३

जुलैत एकदा उठून तोंड धुतलं, चहा ठेवला आणि चष्मा उशाशी राहिला म्हणून पुन्हा बेडरूममध्ये गेलो. सव्वातीन झाले असतील. चष्मा उचलताना हात गादीला टेकला. गादी गरम होती.

मी झोपतो भिंतीच्या बाजूला. गरम होती ती खिडकीची बाजू, जिथे रात्री सुनेत्रा असते. सुनेत्राला जाऊन आठ तास झाले होते. उशीला मधोमध खोलगट दबलेपण होतं. मी वाकून वास घेतला. तेलाचा वास होता. डोक्याला लावायच्या तेलाचा नव्हे, शिवणयंत्रात घालतात तशा तेलाचा, आणि त्याखाली कापूस पिंजताना येतो तसा कोरडा, नाकात जाणारा वास.

मग मी माझ्या पद्धतीने कारणं काढली. हल्लीच्या गाद्या उष्णता धरून ठेवतात. खिडकीतून ऊन येत असेल. पडदे बंद होते, तरी ऊन येत असेल. खालच्या मजल्यावर रंगकाम चालू होतं, वास तिथला असेल. एकेक कारण बरोबर वाटत होतं. सगळी एकत्र केली की मात्र त्यांच्यावर विश्वास बसेना.

दुसऱ्या दिवशी उठल्यावर मी फोनवर रेकॉर्डिंग चालू करून तो उशाशी ठेवला आणि बेडरूमचं दार बाहेरून लावून घेतलं. तासाभराने ऐकलं. आधी पंख्याची घरघर, लांबवर कुणाचा तरी मिक्सर. अकराव्या मिनिटाला पलंगाची फळी करकरली, माणूस टेकतो तशी. मग एक दीर्घ सुस्कारा आणि त्यामागून शांत, थकलेलं घोरणं सुरू झालं. त्यात भीतीदायक असं काहीच नव्हतं. कुणीतरी दमून झोपलं होतं, इतकंच. मी रेकॉर्डिंग पुसून टाकलं आणि स्वतःला सांगितलं की आवाज वरच्या मजल्यावरचा आहे. टॉवरच्या भिंती पातळ असतात.

चाळीत आमची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. चौदाव्या मजल्यावर तेव्हा नुसती हवा होती. इथे कोण राहिलेलं असणार? हा मुद्दा मला फार पटला. त्याच्या जोरावर मी आठवडाभर नीट जेवलो.

४

आमच्या मजल्यावर गंगाधरतात्या राहतात. बाबांबरोबर मिलमध्ये होते, साच्यावर. मागाला ते लोक साचा म्हणतात. चौऱ्याऐंशीचे झाले, पण रोज संध्याकाळी लिफ्टसमोर खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याला पकडतात. मी मुद्दामच पकडला गेलो.

"तात्या, त्या मंडळाच्या खोलीत एवढी माणसं झोपायची कशी?"

तात्यांना तेवढंच पाहिजे होतं. "कशी म्हणजे? पाळीपाळीने! अंथरुणं चौदा आणि माणसं अठ्ठावीस. एक उठला की दुसरा पडला. अंथरूण कधी थंड व्हायचं नाही रे."

"भांडणं नाही व्हायची?"

"कशाला होतील? शिस्त होती. घडी घातलेलं अंथरूण म्हणजे मालकाचं, त्याला हात लावायचा नाही. पसरलेलं म्हणजे मोकळं, कोणी पण पडा." ते हसले. "आणि डबल ड्युटीवाल्यांची तर गंमतच. अर्धी पाळी झाली की एखादा गुपचूप खोलीवर यायचा. मिल दोन मिनिटांवर. झोपलेल्याचा अंगठा धरून हलवायचा. नावाने हाक नाय मारायची, बाकीचे जागे होतात ना. मग हा उठून त्याच्या साच्यावर जायचा आणि तो ह्याच्या जागेवर झोपायचा. बदली."

मी विचारलं, "आणि उठवलेला गेला नाही तर?"

"नाय कसा जाणार? साचा थांबता कामा नये." तात्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. "रामू, तुझा बाप, तो तेव्हापासून अंथरुणाच्या मागे. म्हणायचा, माणसं अठ्ठावीस नाय, एक जास्त आहे. रोज मोजायचा. आम्ही म्हणायचो, अरे सोड ना, कुणाच्या गावचा पाहुणा असेल."

त्या रात्री बाबांना फोन करावासा वाटला. काय बोलणार? वेड लागलंय म्हणालो होतो मी त्यांना.

दुसऱ्या दिवसापासून उठलो की गादी दुमडायची, दोरीने बांधायची आणि झोपायच्या वेळीच सोडायची, असं सुरू केलं. त्या दिवसापासून तीनला काही झालं नाही. मी चक्क साडेपाचपर्यंत झोपून राहिलो आणि पूर्वीने येऊन, खांद्याला हलवून, मला उठवलं. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी सुनेत्रा म्हणाली, "काय हे निलेश? बाबांची जागा तू घेतलीस का? गादीच्या स्प्रिंगा गेल्या ना तर नवी आणायला तू जायचं." ती हसत होती, मीही हसलो. पाठ खरंच भरून आली होती. चार दिवस काहीच झालं नाही, तेव्हा काही होणारच नाही, असं मी धरून चाललो आणि गादी तशीच राहू दिली.

तीनला अंगठा हलला. या वेळी जरा चिडून, बरेच दिवस थांबावं लागल्यासारखा.

५

ऑगस्टमधल्या त्या गुरुवारी पूर्वीला ताप होता. शाळेत पाठवली नाही. सुनेत्राला क्लिनिक चुकवता येण्यासारखं नव्हतं. "मी सहाला येते. दर चार तासांनी औषध दे," एवढं सांगून ती गेली. मी पूर्वीला पलंगावर झोपवलं आणि स्वतः हॉलमध्ये बाबांची चटई टाकून पडलो. झोप लागली नाही. मधूनमधून जाऊन तिच्या कपाळाला हात लावत होतो.

पलंगावर झोपवलं तेव्हा माझ्या मनात काही आलं नाही का? आलं होतं. पण तो जो कोणी आहे तो मलाच उठवतो, असं मी धरलं होतं. मीच त्याचा बदलीवाला, अशी माझी समजूत. पोरीशी त्याचा काय संबंध? ही माझी चूक. अंथरुणावर कोण आहे, हे तो कशाला बघेल?

पावणेतीनला औषधाची बाटली संपली. खाली उतरलो. औषधाच्या दुकानात गर्दी होती, येताना लिंबं घेतली, लिफ्टसाठी थांबावं लागलं. घरात आलो तेव्हा तीन वीस झाले होते. बेडरूमचं दार हळूच लोटून बघितलं. डोक्यापर्यंत चादर घेऊन ती शांत झोपली होती. श्वासाचा आवाज येत होता. चादर वरखाली होत होती. झोपू दे, म्हणून मी पंखा एकने कमी केला आणि दार लोटून घेतलं.

मग तिच्यासाठी मऊ भात लावला. लिंबू कापलं. हॉलमध्ये बसून दोन मेलना उत्तरं दिली. आतून घोरण्याचा बारीक आवाज येत होता. सर्दी झालीय, नाक चोंदलंय, असं मला वाटलं. चाळीस मिनिटं मी तो आवाज ऐकत बसलो होतो आणि मला बरं वाटत होतं.

भात काढायला डबा शोधला, तिचा शाळेचा, झाकणावर फुलपाखरू असलेला. त्यात भात दिला की ती खाते. डबा जागेवर नव्हता. ओट्यावर पोळ्यांचा टोप उघडा होता. सकाळच्या चार पोळ्यांतल्या दोन गेल्या होत्या.

दाराशी जाऊन बघितलं. तिच्या सँडल नव्हत्या.

६

इंटरकॉमवरून खालच्या वॉचमनला विचारलं.

"बेबी तो तीन बजे ही उतर गयी साहब," तो म्हणाला. "डिब्बा था हाथ में. मैंने पूछा किधर, तो बोली ड्यूटी पे. मैं समझा आप आगे गये होंगे."

मी रिसीव्हर ठेवला. आतलं घोरणं चालूच होतं.

दार उघडायला मला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. उघडलं. पडद्यामागून दुपारचा पिवळट उजेड येत होता, सगळं नीट दिसत होतं. चादरीखालचा आकार आता पूर्वीएवढा नव्हता. मघाशीही नसणार. मी दारातून बघितलं होतं आणि मला जे बघायचं होतं तेवढंच बघितलं होतं. पायथ्याशी चादरीबाहेर एक पाऊल आलं होतं. पुरुषाचं. टाच भेगाळलेली, भेगांत काळं तेल बसलेलं. बोटांच्या बेचक्यांत कापसाचे बारीक तंतू अडकले होते. अंगठा जाड होता आणि त्याचं नख मधोमध चिरलेलं.

मी हॉलमध्ये येऊन बाबांना फोन लावला. आत्याने उचलला, मग ते आले.

"बाबा," मी म्हणालो आणि मला रडूच फुटलं.

त्यांनी काय झालं ते विचारलं नाही. "हातरूण पसरलेला हा?"

"हो."

"तो झोपलोसा?"

"हो. बाबा, पूर्वी गेली. त्याच्या जागी पूर्वी गेली."

ते शांतपणे बोलायला लागले, लहानपणी मला गणित समजवायचे तसे. "आयक, झिला. तो जायसर चेडू येवचा नाय. साचो रिकामी सोडणत नाय थंय. उठय तेका. पायाचो अंगठो धर नि हालय. हाक मारू नको. तोंडाकडे बघू नको. तो उठलो का बाजूक हो, नि तेका वाट दी."

"तो गेल्याशिवाय पोरगी सुटणार नाही? तुम्ही असं करायचात?"

"तुजी आवस एकदा अशीच गेल्ली," बाबा माझ्या आईबद्दल म्हणाले. "तेच्यानंतर मी हातरूण कधी पसरलेला ठेवक नाय."

७

मी पलंगाच्या पायथ्याशी गुडघ्यांवर बसलो. वर बघायचं नाही म्हणून नजर पावलावरच ठेवली होती. घोरणं माझ्या डोक्याच्या वर चाललं होतं. इतकं दमलेलं घोरणं मी कधी ऐकलं नव्हतं. भीती होतीच, पण मध्येच मला त्याची दयाही आली, हे कबूल करायला हवं. किती वर्षांचा जागा असेल हा माणूस?

मग पूर्वीच्या सँडल आठवल्या आणि दया गेली. मी अंगठा धरला.

तो गरम होता. ताप आलेल्या माणसाचा असतो तसा गरम. दोन बोटांत धरून एकदा इकडे हलवला, एकदा तिकडे.

घोरणं थांबलं. मी डोळे मिटून भिंतीला चिकटलो. पलंग करकरला. कुणीतरी खोकलं, कोरडं, छातीतून. गुडघे वाजले. मग अनवाणी पावलं माझ्या अगदी जवळून गेली आणि तो तेलकट वास माझ्या तोंडावर आला. पावलं थांबली. माझ्या समोर थांबली. मग ती हॉलकडे गेली, बाहेरच्या दाराची कडी निघाली आणि जिन्यावरून उतरत गेली.

मी लिफ्टने खाली गेलो. वॉचमन म्हणाला, कोणी उतरलं नाही.

मिलच्या जागी आता काचेच्या दोन इमारती आणि मॉल आहे. जुन्या गेटाची दगडी कमान तेवढी शोभेसाठी ठेवलीय, लोक तिथे फोटो काढतात. मी धावत पोचलो तेव्हा पूर्वी कमानीतून बाहेर येत होती, डबा पोटाशी धरून. गर्दीतून चालत होती आणि कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. मी तिला उचलून घेतलं. ताप उतरला होता. केसांत, भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर कापसाचा भुगा बसला होता.

"भूक लागलीय," ती म्हणाली. "डबा खायला सुट्टीच नाही झाली."

"कुठे होतीस तू?"

"साच्यावर." हा शब्द मी तिला कधी शिकवला नव्हता. "मला उंची पुरत नव्हती, तर त्यांनी खाली खोकं दिलं. मग ते काका आले म्हणून मला सोडलं."

"कोण काका?"

"आपल्याकडे झोपतात ते." तिने डोकं माझ्या खांद्यावर टाकलं. "बाबा, तिथे खूप माणसं आहेत. कुणी बोलत नाही. उद्या पण मीच जायचं का?"

"नाही," मी म्हणालो.

"पण त्यांनी माझं नाव लिहून घेतलं."

८

सुनेत्राला मी सांगितलं की पूर्वी तापात, झोपेत चालत खाली गेली. तिने मला खूप बोल लावले आणि ते मी ऐकून घेतले. बाबांना फोन केला. त्यांनी नाव लिहून घेतल्याचं ऐकलं आणि म्हणाले, "मी निघतंय. माका परवा सकाळ होतली. उद्याचो दिस काढ, झिला." कसा काढायचा, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

सकाळी दोघी उठल्याबरोबर गादी गुंडाळली. दोरीचे सहा वेढे दिले आणि ती पलंगावरून काढून भिंतीशी उभी केली. पूर्वीला आजही घरीच ठेवली होती. मी झोपलो नाही. अडीचला तिला हॉलमधल्या खुर्चीवर बसवलं, पायांत जाड मोजे घातले आणि समोर चित्रांची वही दिली. मी तिच्यासमोर, चार हातांच्या अंतरावर, दाराला पाठ लावून बसलो. घरात कुठेही अंथरूण पसरलेलं नव्हतं. बाबांची चटईसुद्धा गच्चीत टाकून आलो होतो.

तीन वाजले. पंखा फिरत होता. पूर्वी निळा खडू शोधत होती.

अचानक तिने उजवा पाय वर ओढून घेतला आणि हसली. "बाबा, नको ना रे. गुदगुल्या होतात."

माझे दोन्ही हात माझ्या मांडीवर होते.

"बाबा, सोड ना," ती म्हणाली. आता हसत नव्हती. मोज्याचं टोक पुढे ओढलं जात होतं, एकदा इकडे, एकदा तिकडे. तिने वही बाजूला ठेवली. तिचे डोळे जड व्हायला लागले. "उशीर झाला," असं काहीतरी पुटपुटत ती खुर्चीवरून उतरायला लागली.

मी तिला परत बसवलं. तिचं पाऊल माझ्या मुठीत घट्ट धरून मोठ्याने म्हणालो, "तिला नको. मी येतो." कुणाला म्हणालो, माहीत नाही. मोजा सैल पडला.

मी बेडरूममध्ये गेलो आणि दोरी सोडली. गादी पसरली, चादर चारही कोपऱ्यांत ओढून घेतली, खिडकीच्या बाजूला दुसरी उशी ठेवली. स्वयंपाकघरात जाऊन डब्यात दोन पोळ्या आणि भाजी भरली, तो चपलांजवळ ठेवला. पूर्वी डोळे चोळत माझ्या मागे-मागे फिरत होती.

"आई सहाला येईल," मी तिला सांगितलं. "तोवर दार उघडायचं नाही. आणि मी उठून बाहेर जायला लागलो तर मला हाक मारायची नाही."

"बरं. किती वाजता उठवू तुला?"

"तू नको उठवूस, बाळा."

मी भिंतीच्या बाजूला आडवा झालो, चादर हनुवटीपर्यंत घेतली आणि पाय बाहेर ठेवले.